चिकित्सा मानसशास्त्रात दीर्घकालीन संशोधनाचा आराखडा कसा आखावा

निद्रानाशाचा त्रास असलेल्या व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरूनही दाखवता येते. झोप बिघडल्यामुळे नैराश्य आले, नैराश्यामुळे झोप उडाली, की तिसऱ्याच एखाद्या कारणाने दोन्ही घडले, हे मात्र त्या माहितीतून उलगडत नाही, कारण आधी काय आणि नंतर काय याची नोंदच तिच्यात नसते. त्याच व्यक्तींचे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मापन करणारे दीर्घकालीन अर्थात लॉन्गिट्युडिनल संशोधन ही नोंद पुरवते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महाविश्लेषणात अशा 21 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. आरंभी नैराश्य नसलेल्या, पण निद्रानाश असलेल्या व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका, झोपेची तक्रार नसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट असल्याचे त्यात दिसून आले. पुढील विवेचनात निद्रानाश आणि नैराश्य हेच उदाहरण मुख्यतः वापरले आहे.

असा आराखडा हाती घेताना बहुतेक संशोधक नमुन्याचा आकार आणि प्रश्नावल्यांची निवड यांवर पुष्कळ विचार करतात, आणि दोन मापनांमधील अंतर मात्र अनुदानाच्या मुदतीवरून किंवा शैक्षणिक सत्रांवरून ठरवून टाकतात. वास्तविक ते अंतर म्हणजे संशोधकाने केलेले एक सैद्धांतिक विधान असते. ते चुकले तर पुढचे कितीही प्रगत विश्लेषण ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

प्रश्न नेमका कोणत्या बदलाचा आहे

पहिले काम म्हणजे संशोधन-प्रश्न काळाच्या भाषेत लिहून काढणे. ‘निद्रानाश आणि नैराश्य यांचा संबंध अभ्यासणे’ हे उद्दिष्ट पुरेसे नाही. त्यातून निदान तीन वेगळे प्रश्न निघतात. ज्यांची झोप सर्वसाधारणपणे वाईट असते, त्यांना पुढील काही वर्षांत नैराश्य येण्याची शक्यता अधिक असते का? एखाद्या व्यक्तीची झोप तिच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बिघडली, तर पुढील दिवसांत तिची मनःस्थितीही तिच्या नेहमीच्या पातळीपेक्षा खालावते का? आणि मानसोपचार सुरू असताना आधी झोप सुधारते की आधी मनःस्थिती? पहिला प्रश्न व्यक्ती-व्यक्तींमधील फरकाचा आहे, दुसरा एकाच व्यक्तीच्या आत होणाऱ्या चढउताराचा, तर तिसरा बदलाच्या क्रमाचा. तिन्हींसाठी मापनाची वारंवारता, नमुना आणि विश्लेषण वेगवेगळे लागते, आणि एकाच आराखड्यातून तिन्हींची उत्तरे काढण्याचा मोह टाळलेला बरा.

आराखड्याची निवड

पहिल्या प्रश्नाला भावी समूह-अभ्यास, म्हणजे आजपासून पुढे पाठपुरावा करणारा कोहॉर्ट अभ्यास, साजेसा ठरतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन अभ्यास याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. 1972–73 मध्ये जन्मलेल्या 1037 मुलांचा पाठपुरावा त्यांच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून त्यात केला जात आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी दैनंदिनी किंवा मोबाइलवरून दिवसातून अनेकदा घेतल्या जाणाऱ्या छोट्या नोंदी, म्हणजे अनुभव-नमुना पद्धती, अधिक योग्य असते. तिसऱ्यासाठी उपचाराच्या प्रत्येक सत्रापूर्वी मापन करावे लागते. विकासाचा मोठा कालखंड अभ्यासायचा असून हाती वर्षे थोडी असतील, तर वेगवेगळ्या वयोगटांचे समूह एकाच वेळी घेऊन, त्यांचे परस्परांत मिसळणारे वयाचे टप्पे जोडता येतात. रिचर्ड बेल यांनी 1953 मध्ये मांडलेला हा वेगवर्धित आराखडा काटकसरीचा आहे, परंतु त्यात वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम वेगळे करण्यासाठी समूहांचे टप्पे एकमेकांवर पुरेसे यावे लागतात.

पाठपुरावा टाळून लोकांना जुने आठवायला सांगितले तर चालेल का, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. सोय मोठी आहे, पण किंमतही मोठी आहे. ड्युनेडिनच्याच माहितीवर आधारलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वेळोवेळी घेतलेल्या मुलाखतींतून दिसणारे मानसिक विकारांचे आजीवन प्रमाण, इतर सर्वेक्षणांत स्मरणावरून मिळालेल्या प्रमाणाच्या सुमारे दुप्पट निघाले. बालपणातील दुर्व्यवहाराबाबत 2019 च्या एका महाविश्लेषणात त्या-त्या वेळी झालेली नोंद आणि प्रौढपणीचे कथन यांच्यातील एकवाक्यता कप्पा (योगायोग वगळून जुळणी मोजणारा निर्देशांक; 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.19 इतकीच, म्हणजे फारच कमी, आढळली. याचा अर्थ प्रौढांचे कथन खोटे असते असा घेऊ नये. दोन्ही पद्धती बऱ्याच अंशी वेगवेगळ्या व्यक्ती टिपतात, म्हणून एकीचा निष्कर्ष दुसरीच्या नावावर खपवता येत नाही.

दोन मापनांमधील अंतर

अंतर ठरवताना तीन गोष्टी समोरासमोर ठेवाव्यात: अभ्यासविषय किती वेगाने बदलतो, एका चलाचा दुसऱ्यावरील परिणाम दिसायला किती काळ लागतो आणि ओसरायला किती, आणि निवडलेली प्रश्नावली कोणत्या कालखंडाविषयी विचारते.

बदलाच्या वेगापासून सुरुवात करू. नेदरलँड्समधील सर्वसाधारण लोकसंख्येच्या एका मोठ्या अभ्यासात तीव्र नैराश्याच्या नव्या एपिसोडचा मध्यक कालावधी 3 महिने आढळला, म्हणजे निम्मे एपिसोड तेवढ्या काळात संपले होते. आता वर्षातून एकदा, गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारणारी प्रश्नावली दिली, तर मधल्या काळात येऊन गेलेले बरेचसे एपिसोड हाती लागणारच नाहीत, आणि ज्यांना काहीच झाले नाही अशांच्या गटात ती माणसे निमूटपणे मोजली जातील. वार्षिक फेऱ्याच शक्य असतील, तर प्रत्येक फेरीत गेल्या वर्षातील महत्त्वाच्या घटनांच्या आधाराने महिनावार लक्षणे विचारणारी दिनदर्शिका-मुलाखत जोडावी.

परिणामाच्या कालावधीबाबत संशोधन-अहवाल क्वचितच काही बोलतात. एका रात्रीच्या जागरणाचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीत दिसेल. कित्येक महिन्यांच्या निद्रानाशातून उद्भवणारे नैराश्य तितक्या अल्पकाळात दिसणार नाही. फार लवकर मोजले तर परिणाम अजून घडलेला नसतो, फार उशिरा मोजले तर तो विरून गेलेला असतो, आणि दोन्ही वेळा संशोधक ‘परिणाम नाही’ असाच निष्कर्ष काढतो. यामुळेच एक महिन्याच्या अंतराने मिळालेला गुणांक (परिणामाचा आकार दाखवणारी संख्या) सहा महिन्यांच्या अंतराने मिळालेल्या गुणांकाशी थेट ताडून पाहणे निरर्थक असते. पूर्वज्ञान अपुरे असेल तर थोड्या व्यक्तींवर दाट मापनांचा प्राथमिक अभ्यास करावा, किंवा मुख्य अभ्यासातच अंतरे मुद्दाम असमान ठेवावीत आणि काळाला अखंड मानणारी प्रतिमाने (सांख्यिकीय मॉडेल्स) वापरावीत.

प्रश्नावलीच्या कालखंडाची बाब सर्वांत साधी आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची नैराश्य-प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते. ती दर आठवड्याला दिली, तर लागोपाठच्या दोन मापनांत एक आठवडा सामाईक राहतो, आणि त्यांच्यातील सहसंबंधाचा काही भाग केवळ त्या सामाईक आठवड्यामुळे निर्माण होतो. साप्ताहिक मापन आवश्यकच असेल तर सूचनेतील कालखंड बदलावा लागतो. तसा बदल केल्याचे अहवालात नमूद करावे आणि बदललेल्या स्वरूपाची विश्वसनीयता आपल्या नमुन्यात तपासावी.

फेऱ्या किती असाव्यात? दोन फेऱ्यांतून केवळ फरक मिळतो. तो खरा बदल आहे की मापनातील त्रुटी, हे त्यावरून सांगता येत नाही. सरळ रेषेतील बदल माहितीशी जुळतो का, हे पाहण्यासाठी किमान तीन फेऱ्या लागतात. वेग मध्येच बदलत असेल तर चार किंवा त्याहून अधिक हव्यात. उपचार-संशोधनात तर पूर्व आणि पश्चात मापनांमध्ये जे घडते तेच बहुधा सर्वांत मोलाचे असते. टँग आणि डिरुबीस यांनी 1999 मध्ये बोधात्मक वर्तनोपचार घेणाऱ्या काही नैराश्यग्रस्त रुग्णांमध्ये दोन सत्रांच्या दरम्यान झालेली मोठी, आकस्मिक सुधारणा दाखवून दिली. ती दिसली याचे कारण गुणांकन सत्रागणिक उपलब्ध होते.

मापन तेच राहिले आहे का

गुण बदलले म्हणजे अवस्था बदलली असे मानण्यापूर्वी मोजपट्टी स्थिर होती याची खात्री करावी. प्रत्येक फेरीत प्रश्नांची घटक-रचना (कोणते प्रश्न एकत्र जातात), घटकभार (प्रत्येक प्रश्न मूळ अवस्थेशी किती निगडित आहे) आणि आरंभ-पातळ्या (अवस्था तीच असताना प्रश्नाला मिळणारे गुण) समान राहतात का, हे टप्प्याटप्प्याने तपासण्याची पद्धत रूढ आहे. आरंभ-पातळ्या समान नसतील तर सरासरी गुणांची तुलना करू नये. चिकित्सा क्षेत्रात याला एक खास कारण आहे. उपचारादरम्यान रुग्ण आपल्या भावना अधिक नेमकेपणाने ओळखायला शिकतो आणि पूर्वी ‘थोडासा ताण’ म्हणून सोडून दिलेल्या अनुभवाला आता चिंता म्हणून नोंदवतो. त्याची स्थिती सुधारलेली असतानाही गुण वाढलेले दिसू शकतात. स्वकथनाबरोबर चिकित्सकाने केलेले मूल्यांकन किंवा कुटुंबीयांचे निरीक्षण असावे, ते यासाठीच.

दीर्घ पाठपुराव्यात निदानाचे निकषही बदलतात. मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या डीएसएम या अमेरिकी पुस्तिकेच्या आवृत्त्या 1980, 1987, 1994 आणि 2013 मध्ये बदलत गेल्या. केवळ ‘विकार आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच नोंद ठेवलेल्या अभ्यासाला जुनी माहिती नव्या निकषांनी पुन्हा वाचता येत नाही. प्रत्येक लक्षणाची, त्याच्या तीव्रतेची आणि कालावधीची मूळ नोंद जपून ठेवावी, म्हणजे निदान नंतर कोणत्याही आवृत्तीप्रमाणे करता येते.

आरंभीच्या मापनाविषयी दोन सावधगिरीच्या सूचना. माणसे उपचारांसाठी बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर येतात, त्यामुळे काहीही न करता त्यांचे पुढचे गुण सरासरीकडे परतण्याची शक्यता असते. शिवाय, पहिल्यांदा प्रश्नावली भरताना लोक नकारात्मक लक्षणे पुढील वेळांपेक्षा अधिक नोंदवतात, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्राउट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आढळले. आरंभी एकाऐवजी दोन मापने घ्यावीत आणि तुलना-गट ठेवावा, म्हणजे या दोन्ही बाबी सुधारणा म्हणून मोजल्या जाण्याचा धोका कमी होतो.

एका व्यक्तीत झालेला बदल विश्वसनीय आहे का, हे पाहण्यासाठी जेकबसन आणि ट्रुअ‍ॅक्स यांचा 1991 मधील निर्देशांक अजूनही उपयोगी आहे. समजा, प्रश्नावलीचे प्रमाण विचलन 6 आणि विश्वसनीयता 0.85 आहे. मापनाची प्रमाण त्रुटी सुमारे 2.32 येते, दोन मापनांतील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे 3.29, आणि तिला 1.96 ने गुणल्यास 6.44. म्हणजे या प्रश्नावलीवर पूर्ण 7 गुणांपेक्षा कमी फरक पडला असेल, तर त्या रुग्णाविषयी ‘सुधारला’ किंवा ‘बिघडला’ असे ठामपणे म्हणता येणार नाही.

गळती

प्रत्येक फेरीत उरलेल्यांपैकी केवळ 10 टक्के व्यक्ती गळाल्या, तरी पाच पाठपुराव्यांनंतर 300 पैकी सुमारे 177 उरतात. संख्या घटल्याने सांख्यिकीय क्षमता कमी होते, पण त्याहून गंभीर बाब ही की चिकित्सा नमुन्यातून माणसे यदृच्छेने गळत नाहीत. खूप बरे वाटू लागलेले येईनासे होतात आणि खूप बिघडलेलेही येईनासे होतात. त्यामुळे उरलेल्यांची सरासरी कोणत्या दिशेला झुकली आहे हे वरवर पाहून कळत नाही.

गळती रोखण्याची तयारी पहिल्या भेटीतच करावी लागते. पत्ता बदलला तरी ठावठिकाणा सांगू शकतील अशा दोन-तीन निकटवर्तीयांची नावे सहभागी व्यक्तीच्या संमतीने घ्यावीत, मात्र त्यांच्याशी बोलताना अभ्यासाचा विषय उघड होणार नाही अशी शब्दरचना आधीच ठरवावी. भेटीचे ठिकाण आणि वेळ लवचीक ठेवावी, प्रवासखर्च द्यावा, आणि पूर्ण मुलाखत शक्य नसेल तेव्हा मुख्य चलांपुरती दहा मिनिटांची संक्षिप्त आवृत्ती दूरध्वनीवरून घेण्याची सोय असावी. ड्युनेडिन अभ्यासात 45 व्या वर्षी हयात असलेल्या सहभागींपैकी 94 टक्के मापनासाठी उपस्थित होते. जगात कुठेही राहणाऱ्या सहभागींना आणण्याचा खर्च तो अभ्यास स्वतः उचलतो. तेवढी साधने बहुतेकांकडे नसतात, पण दर खेपेला तीच ओळखीची संशोधन-सहायक भेटणे ही फारशी खर्चिक बाब नाही आणि तिचा उपयोग मोठा होतो.

उपचार सोडणे आणि अभ्यास सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संमतिपत्रापासूनच स्पष्ट करावे. उपचार अर्ध्यावर सोडलेल्या व्यक्तीचे मापन ठरल्याप्रमाणे चालू ठेवता आले, तर ती माहिती अतिशय मोलाची असते. प्रत्येक भेटीत ‘पुढच्या भेटीला येण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते?’ हा एक प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर पुढे गहाळ माहितीच्या विश्लेषणात सहायक चल म्हणून उपयोगी पडते.

गहाळ माहितीचे डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये केलेले वर्गीकरण येथे आधारभूत आहे. गहाळ होणे पूर्णतः यादृच्छिक असू शकते, उपलब्ध नोंदींवरून समजण्याजोगे असू शकते, किंवा न मिळालेल्या मूल्यावरच अवलंबून असू शकते. दुसऱ्या प्रकारात पूर्ण-माहिती महत्तम संभाव्यता पद्धत (उपलब्ध सर्व नोंदी वापरून अंदाज काढणारी) किंवा बहुविध आरोपण (गहाळ मूल्यांच्या जागी अनेक संभाव्य मूल्ये भरून पाहणे) यांनी योग्य अनुमान मिळते. तिसरा प्रकार माहितीवरून सिद्धही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. म्हणून ‘गळालेल्यांची स्थिती आपल्या अंदाजापेक्षा अमुक इतक्या गुणांनी वाईट असती तर निष्कर्ष टिकला असता का’ अशा संवेदनशीलता चाचण्या कराव्यात. शेवटचे उपलब्ध मूल्य पुढील सर्व फेऱ्यांत तसेच ओढत नेण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. आजाराचा नैसर्गिक मार्ग जणू त्या दिवशी थांबला, असे गृहीत धरायला कोणताही चिकित्साशास्त्रीय आधार नाही.

विश्लेषण

प्रत्येक व्यक्तीचा आरंभ आणि वेग वेगळा असू शकतो हे मान्य करणारी बहुस्तरीय प्रतिमाने किंवा सुप्त वृद्धी-वक्र प्रतिमाने (प्रत्येकाच्या बदलाची रेषा अंदाजणारी) ही आता सर्वसाधारण निवड आहे. पुनरावृत्त मापनांच्या पारंपरिक प्रसरण-विश्लेषणाच्या तुलनेत ती असमान अंतरे आणि अपूर्ण नोंदी सहज हाताळतात. एपिसोड कधी आला किंवा कधी उलटला हा प्रश्न असेल तर अतिजीवन-विश्लेषण, म्हणजे घटना घडेपर्यंत गेलेल्या काळाचे विश्लेषण, वापरावे. नमुन्याचा आकार सूत्रांवरून काढण्यापेक्षा अपेक्षित गळती गृहीत धरून संगणकीय अनुकरणाने काढणे अधिक विश्वासार्ह आहे.

परस्पर-परिणामाच्या प्रश्नात मात्र थांबून विचार करायला हवा. पहिल्या फेरीतील झोपेवरून दुसऱ्या फेरीतील नैराश्य आणि पहिल्या फेरीतील नैराश्यावरून दुसऱ्या फेरीतील झोप, असे तिरके मार्ग असलेले प्रतिमान अनेक दशके वापरले गेले. हमाकर, कायपर आणि ग्रासमन यांनी 2015 मध्ये दाखवले की व्यक्तींमधील स्थिर फरक वेगळे न काढल्यास हे तिरके गुणांक दिशाभूल करतात. काही माणसांची झोप वर्षानुवर्षे वाईट असते आणि त्यांचे नैराश्यही वर्षानुवर्षे अधिक असते. हा स्थिर फरक गुणांकांत मिसळतो आणि व्यक्तीच्या आतील प्रक्रियेचे चुकीचे चित्र उभे करतो. त्यांनी सुचवलेल्या यादृच्छिक-आरंभ प्रतिमानात हा स्थिर भाग वेगळा होतो. त्याला किमान तीन फेऱ्या लागतात, ही बाब आराखड्याच्या टप्प्यावरच लक्षात घ्यावी. मात्र सुरुवातीच्या तीन प्रश्नांपैकी पहिलाच विचारायचा असेल, तर स्थिर फरक हा अडथळा नसून अभ्यासाचा विषयच असतो. प्रतिमान फॅशनप्रमाणे बदलू नये.

मध्यस्थ चलांबाबतही, म्हणजे ज्यांच्यामार्फत उपचाराचा परिणाम घडतो त्या गोष्टींबाबतही, क्रम पाळावा. विचारांतील बदलामुळे नैराश्य कमी झाले असे म्हणायचे असेल, तर विचारांतील बदल आधी आणि लक्षणांतील घट नंतर मोजलेली असली पाहिजे. दोन्ही एकाच वेळी मोजून केलेले मध्यस्थी-विश्लेषण मोठ्या प्रमाणात पक्षपाती ठरू शकते, असे मॅक्सवेल आणि कोल यांनी 2007 मध्ये दाखवले आहे.

काळाचा क्रम कळला तरी कार्यकारणभाव आपोआप सिद्ध होत नाही. निरीक्षणात्मक अभ्यासात ज्यांची लक्षणे बळावतात त्यांना अधिक सत्रे दिली जातात, आणि साधे समाश्रयण (रिग्रेशन) चालवले तर अधिक सत्रांमुळेच लक्षणे वाढली असे भासते. येथे लक्षणे ही आधीच्या उपचाराचा परिणामही असतात आणि पुढच्या उपचाराचे कारणही, त्यामुळे त्यांना नियंत्रित चल म्हणून समीकरणात घालणे पुरेसे नाही. जेम्स रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली, व्यस्त संभाव्यता-भार (ज्याला तो उपचार मिळण्याची शक्यता कमी होती, त्याच्या नोंदीला अधिक वजन) वापरणारी प्रतिमाने अशा परिस्थितीसाठी आहेत. त्यांच्यासाठी उपचारातील प्रत्येक बदलाची आणि त्या बदलाच्या कारणाची तारीखवार नोंद लागते. ती नोंद नंतर तयार करता येत नाही.

सहभागींची सुरक्षितता आणि अहवाल

पीएचक्यू-9 मधील नववा प्रश्न मृत्यूच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासात उत्तर कोण पाहणार, किती वेळात पाहणार आणि त्यानंतर काय करणार, हे नैतिकता समितीपुढे जाण्यापूर्वी लिखित स्वरूपात हवे. मोबाइलवरून मध्यरात्री आलेले उत्तर पुढील सोमवारपर्यंत कोणी वाचणार नसेल, तर तो प्रश्न त्या मार्गाने विचारू नये आणि तातडीच्या मदतीसाठी हा अभ्यास नाही हे सहभागींना प्रत्येक वेळी सांगावे. संमती दीर्घ पाठपुराव्यात पुन्हा घ्यावी, आणि लहान वयात पालकांच्या संमतीने सहभागी झालेल्या मुलांकडून ती सज्ञान झाल्यावर नव्याने घ्यावी. नावे आणि संपर्काचे तपशील उत्तरांपासून वेगळे, वेगळ्या प्रवेश-परवान्याखाली ठेवावेत.

कोणती फेरी कोणत्या गृहीतकाचे उत्तर देणार, हे माहिती पाहण्यापूर्वी नोंदवून ठेवावे. काही फेऱ्यांची माहिती आधीच पाहिली असेल तर तसे नोंदणीत लिहावे. अहवालासाठी निरीक्षणात्मक अभ्यासांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणारी, 2007 पासून उपलब्ध असलेली स्ट्रोब मार्गदर्शिका आधाराला घेता येते. प्रत्येक फेरीत किती जण पात्र होते, किती आले आणि का आले नाहीत याची आकृती द्यावी. गळालेल्यांची आणि टिकलेल्यांची आरंभीची वैशिष्ट्ये शेजारी मांडावीत. नियोजित अंतराबरोबर प्रत्यक्ष पडलेले अंतरही सांगावे, कारण ‘सहा महिन्यांचा पाठपुरावा’ म्हणून नोंदवलेल्या भेटी चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत पसरलेल्या असू शकतात, आणि तसे असल्यास विश्लेषणात फेरीचा क्रमांक न वापरता भेटीची खरी तारीख वापरावी.